बंधाऱ्याचे बरगे उन्हाळ्यात थोडे उघडे ठेवावेत काय?

काठावरचा:
गेल्या एप्रिलमध्ये एका पहाटे कोल्हापूरच्या खालच्या अंगाला असलेल्या बंधाऱ्यावर थांबलो होतो. पाणी हिरवट काळे होते, आणि बरग्यांना, म्हणजे पाणी अडवणाऱ्या काढत्या-घालत्या फळ्यांना, लागून शेकडो मासे पाण्याबाहेर तोंडे काढून श्वासासाठी धडपडत होते. ऊन चढेपर्यंत त्यांतले बरेचसे पांढरी पोटे वर करून तरंगू लागले. असे घडले की दरवेळी वरच्या धरणातून पाणी सोडून घाण पुढे ढकलण्याची मागणी होते, आणि ती घाण पुढच्या गावाच्या दारात नेऊन ठेवली जाते. माझे मत असे की प्रयाग चिखलीपासून नृसिंहवाडीपर्यंतची सुमारे ८० किलोमीटरची पंचगंगा उन्हाळ्यात नदी राहतच नाही, ती डबक्यांची माळ होते. म्हणून प्रत्येक बंधाऱ्याचा एखादा गाळा (दोन खांबांमधली, बरगे बसवायची जागा) मोसमभर थोडा उघडा ठेवावा आणि नदी वाहती ठेवावी.

ऊसकरी:
आपण पाहिले ते खरे असेल, परंतु दोष बंधाऱ्याच्या माथी मारणे मला मान्य नाही. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे वैशिष्ट्यच हे की पावसाळ्यापूर्वी त्याचे बरगे काढले जातात आणि पाऊस सरल्यावर पुन्हा घातले जातात. म्हणजे ज्या महिन्यांत मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध वर चढतात, नेमक्या त्याच महिन्यांत नदी मोकळी असते. पक्क्या धरणाबद्दल हे म्हणता येत नाही. मासे मरतात ते जयंती आणि दुधाळी नाल्यांचे सांडपाणी व पुढे इचलकरंजीच्या कापड प्रक्रियेचे रंगीत पाणी नदीत मिसळते म्हणून. स्वच्छ पाणी अडवून कुठला मासा मेला आहे? शिवाय उघड्या गाळ्यातून गेलेले पाणी आमच्या उपसाबंदीच्या, म्हणजे शेतीसाठी नदीचे पाणी उपसू न देण्याच्या, दिवसांत भर घालणार, याचा हिशोब आपल्या लेखनात दिसला नाही.

पाणीतपासणी:
दोघांच्याही म्हणण्यात अर्धे अर्धे तथ्य आहे. ३० अंश तापमानाच्या पाण्यात प्रति लिटर जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळतो, आणि बहुतेक माशांना पाचेक मिलिग्रॅम तरी लागतो. म्हणजे उन्हाळ्यात मुळातच शिल्लक कमी असते. सांडपाण्यातील सेंद्रिय घाण कुजवणारे जिवाणू त्यातलाच प्राणवायू खातात. याच सांडपाण्यातल्या नायट्रोजन व फॉस्फरसवर शेवाळ आणि जलपर्णी फोफावतात, आणि शेवाळ दिवसा प्राणवायू देत असले तरी रात्रभर तो घेत राहते. मासे पहाटेच का तडफडत होते, याचे उत्तर इथे आहे. साठलेल्या पाण्यात हा तुटवडा वाढतो, हे काठावरच्यांचे म्हणणे बरोबर आहे.

मात्र तळाशी काळा गाळ बसलेला असतो. तिथे प्राणवायू जवळजवळ नसतो आणि हायड्रोजन सल्फाइडसारखे विषारी वायू साठतात. मे महिन्यात एकदम बरगे उपसले तर तो गाळ ढवळून खाली जातो आणि पुढच्या डोहातील मासेही मारतो. वळवाच्या पहिल्या जोरदार सरीनंतर जे होते, तेच आपण हाताने करतो.

काठावरचा:
हे मला मान्य आहे, आणि म्हणूनच माझी मागणी संकटाच्या दिवशी दार उघडण्याची नव्हती. बरगे घालतानाच एका गाळ्यात तळाकडची फट ठेवली, तर गाळ वर्षभर साचतच नाही.

मासेमारीवाला:
माझे वडील याच नदीत जाळे टाकत. त्यांच्या जाळ्यात मरळ, वाम, शिंगाळा आणि क्वचित खडस (महसीर) येई. आता आम्ही जाळे ओढतो ते बहुतेक चिलापीचे. ही मूळची आफ्रिकेची मासळी १९५२ मध्ये भारतात आणली गेली. मादी अंडी तोंडात सांभाळते, त्यामुळे तिची पिलावळ फार तगते आणि घाण पाण्यातही ती टिकते. रोहू आणि कटला यांना आपण आपले म्हणतो, पण तेही गंगेच्या बाजूचे. कृष्णेच्या खोऱ्यात ते मत्स्यबीज सोडल्यामुळेच आले. तेव्हा आपण वाचवतो आहोत ते कोणाला, हे आधी ठरवावे. मासे मरायचे थांबले म्हणून नदी सुधारली असे होत नाही, कारण नुसती चिलापी उरली तरी मासे मरणार नाहीत. खडसेला वाहते, स्वच्छ, खडकाळ पात्र लागते, आणि बंधाऱ्यामागच्या गाळाने पात्रातली वाळू-खडी झाकून टाकली आहे.

ऊसकरी:
आपला मुद्दा लागला. खडस आम्ही कधी पाहिली नाही, फक्त ऐकली. तरीही फटीला माझा विरोध कायम आहे, जोवर नाल्याचे पाणी शुद्ध होऊन नदीत येत नाही. आज ती फट ठेवली तर खालच्या गावाला पोहोचेल ते शहराचे मैलापाणी, आणि वर आमचा उपसा बंद. त्यापेक्षा निम्मी फट आणि निम्मे शुद्धीकरण असा सौदा कोणी लेखी मांडला, तर माझ्या गाळ्याचे दोन बरगे मी स्वतः काढून ठेवीन.

काठावरचा:
तळाचे दोन, वरचे नव्हे.

ऊसकरी:
तळाचे.