नाटकवेड्यांनो, डबे उघडा: काय जपलंय, काय वाचताय, काय बघताय?

मागच्या रविवारी दुपारी चारच्या प्रयोगाला मुलुंडच्या कालिदासला गेले आणि ऐन दारात फोनने मान टाकली. तिकीट फोनमध्ये. दारावरचे काका तोंडओळखीचे, म्हणाले, "जा आत, तिसरी घंटा होतेय." प्रयोग छान झाला. घरी आल्यावर नेहमीच्या सवयीने पर्सच्या आतल्या कप्प्यात हात घातला, तर हाताला काहीच लागलं नाही. अर्धुक नाही!

माझ्याकडे बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे, त्यात तिकिटांची अर्धुकं आहेत. पिवळी, गुलाबी, निळी. काहींच्या मागे मी तेव्हा काहीबाही लिहिलंय. "पाऊस. लोकल बंद. दुसऱ्या अंकाला पोचलो." "बाबा झोपले." "वडा गार होता." नाटक कसं होतं ते एकावरही लिहिलेलं नाही.

सगळ्यात खाली दोन अर्धुकं टाचणीने जोडून ठेवलीत. एक आईचं, 'चारचौघी'चं, नाटक १९९१ साली आलं त्यानंतर लगेचचं. दुसरं माझं, तेच नाटक २०२२ मध्ये पुन्हा आलं तेव्हाचं. त्यातला तो फोनवरचा प्रवेश आईने वंदना गुप्तेंचा पाहिला, मी मुक्ता बर्वेचा. आमच्या घरात यावरून अजून भांडण आहे. आई मुक्ताचा प्रयोग बघायला आलीच नाही. "माझा बघून झालाय" म्हणाली. बरं, आई तिकिटं कशी काढायची तर ऑफिसातून परतताना दादरला उतरून, शिवाजी मंदिरच्या खिडकीवर प्लॅनवर बोट ठेवून. "ही नको, कडेची आहे. ती द्या." आता खुर्ची हिरवी दिसली की अंगठा दाबायचा.

तर लिहा. नाटकाची काय वस्तू जपून ठेवलीत? आणि सध्या वाचताय काय, बघताय काय, तेही. मी विजयाबाई मेहतांचं 'झिम्मा' दुसऱ्यांदा वाचतेय. पहिल्यांदा गोष्टीसाठी वाचलं होतं, आता तालमी कशा घेतात ते कळावं म्हणून. बघण्यात विशेष काही नाही, नवऱ्याच्या हातात रिमोट असतो.

*

ठाण्याहून, निवृत्त बँकवाला.

ताई, आमच्याकडे तिकीट नाही. वडिलांची खिशातली डायरी आहे. ते रोजचा खर्च लिहीत. दूध, रॉकेल, मुलाची वही. त्यात एका पानावर "नाटक: ६ रु." आणि खाली बारीक अक्षरात, "तो मी नव्हेच पाहिले. पोर घाबरले."

पोर म्हणजे मी. घाबरलो होतो नाटकातल्या भामट्या लखोबा लोखंडेला नाही, फिरत्या रंगमंचाला. एक देखावा डावीकडे सरकत गेला आणि दुसरा आला, तेव्हा मला वाटलं आपल्याच खुर्च्या फिरतायत. मी वडिलांचं मनगट धरून बसलो. प्रभाकर पणशीकर एका नाटकात पाच वेषांत येतात हेही मला कळलं नव्हतं, मला ते पाच वेगळे लोक वाटले. घरी येऊन मी सहा माणसं मोजून सांगितली. सहावा कोण होता ते अजून उमजलेलं नाही.

वडिलांनी आयुष्यभरात इतर कुठल्याही खर्चापुढे शेरा लिहिलेला नाही. तेवढा एकच.

वाचन: डॉ. लागूंचं 'लमाण'. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून टॅबवर अक्षर मोठं करून वाचतो, एका पानावर आठ ओळी मावतात. रात्रीच्या प्रयोगांना आता मुलगा सोडत नाही. गडकरी रंगायतनच्या बाजूने, तलावपाळीला फेरी मारून येतो आणि कुठल्या नाटकाचा बोर्ड लागलाय ते वाचतो.

*

कोल्हापूर.

वरची दोन्ही वाचली. आता माझं. माझ्याकडं तिकिटाचा एक तुकडा आहे, त्यावर 'केशवराव भोसले नाट्यगृह' एवढं अक्षर धड वाचता येतं. नाटकाचं नाव फाटलेल्या बाजूला गेलं. कुठलं नाटक ते आठवत नाही, आणि खरं सांगू, तो तुकडा मी जपला पण नव्हता. जुन्या गॅस बुकाच्या कव्हरात सापडला.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री नाट्यगृह पेटलं. दुसऱ्या दिवशी गायक-नट केशवराव भोसल्यांची जयंती होती. १९१५ मध्ये शाहू महाराजांनी उभं केलेलं, तेव्हा त्याला पॅलेस थिएटर म्हणायचे. आम्ही खासबागेच्या बाजूच्या रस्त्यावर उभे होतो, शेजारी एक रिक्षावाला हमसून हमसून रडत होता. मी विचारलं, "नाटकात काम केलंय काय?" म्हणाला, "नाही ओ, बाहेर स्टँड आहे माझा. नाटक सुटलं की पहिलं भाडं माझं."

सकाळी परत गेलो. वास होता. लोक आत डोकावून बघत होते, कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. मग घरी येऊन कपाटं, ट्रंका, कागदाचे गठ्ठे उपसले. तेव्हा हा तुकडा निघाला. बायको म्हणाली लॅमिनेट करा. नाही केला. लॅमिनेट केला की त्याचं आयकार्ड होतं.

सध्या बघायचं म्हटलं तर गाडी काढून सांगलीला भावे नाट्यमंदिरात जातो. तिथले लोक १८४३ चं पहिलं मराठी नाटक 'सीतास्वयंवर' आमच्या गावात झालं म्हणून आम्हाला ऐकवतात. ऐकून घेतो. वाचन म्हणजे पेपर.

*

परळ, मूळ गाव कुडाळजवळ.

माझी वस्तू हनुवटीवर आहे. दोन टाके. 'वस्त्रहरण' बघताना हसता हसता बाकड्यावरून पुढच्या बाकड्यावर पडलो, वय वर्षे नऊ. गावातल्या मांडवातला प्रयोग होता. मच्छिंद्र कांबळी बोलायला तोंड उघडायचे त्याच्या आधीच लोक हसायचे. आजी म्हणाली, "मेल्या, रगात येता हां, आता तरी हसूचा थांब." मी थांबलो नाही आणि ती पण थांबली नव्हती. डॉक्टर मागच्याच रांगेत होते. ते म्हणाले, मध्यंतरात शिवतो.

वाचत नाही काही. बघतो दशावतार, मे महिन्यात गावाला.

*

देसाईगंज, म्हणजे आमचं वडसा, जिल्हा गडचिरोली.

तुमचे प्रयोग दुपारी चारला असतात हे वाचून गंमत वाटली. आमच्याकडे रात्री दहाला पडदा आणि पहाटे कोंबड्याच्या आसपास शेवट. दिवाळीनंतर मंडई (म्हणजे गावची जत्रा) आणि शंकरपट (बैलांच्या शर्यती) सुरू झाले की गावोगाव नाटक. दिवसा बैलांचा पट, रात्री स्टेज. दिवाळीआधीच गावोगावचे लोक वडशात येऊन कंपन्यांकडे तारखा बांधून घेतात. कोणत्या गावाला कोणतं नाटक, यावरून पाहुण्यांची संख्या ठरते. चांगलं नाटक म्हणजे घरी वीस माणूस जेवायला. आई म्हणायची, नाटक तुमचं, पोळ्या माझ्या.

मी जपलं ते ब्लँकेट. बाबांचं, खाकी, काळ्या काठाचं. त्याला एका कोपऱ्यात रुपयाएवढं भोक आहे, शेकोटीच्या ठिणगीने पडलेलं. ते आम्ही तिघं भावंडं पांघरून बसायचो. पहिल्या अंकाला डोळे टक्क, दुसऱ्या अंकाला लहान भाऊ आडवा, तिसऱ्याला मी. गाणं लागलं की बाबा हलवून उठवायचे, "ऊठ बाप्पा, गाणं आहे." गाणं संपलं की पुन्हा झोप. म्हणून झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, कितीक नाटकांची गाणी मला पाठ आहेत आणि कथा एकाचीही पूर्ण माहीत नाही.

भोक रफू करू दिलं नाही. थंडीत लहान भाऊ त्यातून एक डोळा लावून स्टेज बघायचा, त्याला सिनेमा म्हणायचा.

झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्यातल्या एका सहकाऱ्याने विचारलं, झाडीपट्टी ही कोणती पट्टी? त्याला यंदा जानेवारीत घेऊन येतोय. ब्लँकेट त्याला देणार नाही, त्याने स्वतःचं आणावं.

सध्या वाचतो: एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी', नोकरीसाठी शहरात आल्यापासून दर पावसाळ्यात. तो वाडा विदर्भातलाच, पण आमच्या धानाच्या बाजूचा नाही, कापसाच्या बाजूचा. फरक आहे.

*

पुणे. वय बावीस.

सॉरी, मी तुमच्यासारखी जुनी नाही. एक खिळा आहे. पुरुषोत्तम करंडकाला, म्हणजे कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेला, आमच्या कॉलेजची एकांकिका होती, भरत नाट्य मंदिरात. मी सेटवर होते, म्हणजे अंधारात खुर्ची उचलून नेणारी. दोन प्रवेशांमध्ये खिडकीची चौकट निखळली आणि मी उरलेला सगळा वेळ ती मागून हाताने धरून उभी होते. खिळा पायाखाली सापडला, पण हातोडी कोण देणार. करंडक मिळाला नाही. परीक्षकांनी नेपथ्याचा उल्लेखच केला नाही, आम्ही ते कौतुक समजलो. "अरे, आवाज कुणाचा" ओरडून तीन दिवस आवाज नव्हता.

खिळा टेबलावर पेनांच्या पेल्यात आहे. वाचतेय विजय तेंडुलकर, अभ्यासाला आहेत म्हणून सुरू केले, आता अभ्यासाचं सोडून बाकीचे वाचतेय. बघतेय एक कोरियन मालिका, सोळा भागांची, आणि त्याबद्दल मला इथे कुणी बोलायचं नाही.

(ठाण्याच्या काकांना: सहावा माणूस बहुतेक वकील असेल. कोर्टात असतातच.)

*

न्यू जर्सी.

आमच्याकडे दौऱ्यावर येणारे कलाकार हॉटेलात कमी आणि महाराष्ट्र मंडळाच्या सभासदांच्या घरी जास्त उतरतात, तिकडच्यांना माहीत नसेल. रंगमंचावरचा माणूस सकाळी आपल्या डायनिंग टेबलाशी लुंगीत बसून पोहे खातो. एकदा आमच्याकडे उतरलेले एक नट (नाव लिहीत नाही, ते लाजतील) दुपारी झोपायचं सोडून स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, वहिनी, हा नळ रात्रभर गळतो, झोप लागत नाही. प्लंबरला इथे किती पैसे पडतात ते सांगितल्यावर त्यांनी सरळ पाना मागितला. निघायची वेळ झाली तरी ते सिंकखाली. माझ्याकडे फोटो आहे: कपाळाला अर्धा मेकअप, गळ्यात टॉवेल, हातात पाना. संध्याकाळी ते महाराज झाले. राज्याभिषेकाला शाळेचं सभागृह उभं राहिलं आणि माझ्या डोक्यात एकच, वॉशर बसला की नाही.

बसला. अजून गळत नाही. बाकी सगळं किचन आम्ही पाच वर्षांपूर्वी बदललं, तो नळ ठेवलाय.

बघितलं शेवटचं: 'मी वसंतराव' सिनेमा, दोनदा. नवरा दोन्ही वेळा रडला आणि दोन्ही वेळा एसीला दोष दिला.

*

फोंडा, गोवा.

आमच्या उत्सवी नाटकांत बघणारा आणि करणारा वेगळा नसतो. देवळाची जत्रा, समोर मांड (नाटकाची जागा), आणि पोस्टमन दुर्योधन. मी जपलीय मिशी. वडिलांची, खोटी, अजून डिंकाचा वास येतो. नातवाने शाळेच्या स्नेहसंमेलनात लावली, नाकाखाली पुरळ आलं. पण काढली नाही त्याने, बक्षीस घेऊनच काढली.

*

छत्रपती संभाजीनगर.

मी एरवी लिहीत नाही, फक्त वाचतो. पण कॅसेटचं कुणीच काढलं नाही म्हणून.

'वऱ्हाड निघालंय लंडनला'. लक्ष्मण देशपांडे एकटेच बावन्न पात्रं करायचे, ते आमच्याच शहरातले. मला प्रत्यक्ष बघायला कधी मिळालं नाही. वडिलांची मुंबई-पुण्याकडे बदली होती, परत आलो तोवर उशीर झाला होता, देशपांडे २००९ मध्ये गेले. आमच्याकडे होती कॅसेट. जेवताना लागायची. पाहुणे आले की लागायची. लाइट गेली की चार सेल घालून लागायची. फीत इतक्यांदा अडकली की पेन्सिल घालून फिरवणं हे माझंच काम ठरलेलं होतं. एकदा तुटली. आईने नेलकटरने दोन्ही टोकं सरळ कापली आणि सेलोटेप लावून जोडली. त्यात दोनेक सेकंद गेले. म्हणजे एक वाक्य अर्ध्यातून उडी मारून दुसऱ्या वाक्यात शिरायचं, मध्ये बारीकसा 'खट्ट'. पंधरा वर्षं आम्ही ते तसंच ऐकलं. बहिणीला आणि मला सगळं पाठ आहे, त्या उडीसकट. लग्नकार्यात आम्ही दोघं म्हणून दाखवतो तेव्हाही उडी मारतो, आणि ऐकणाऱ्यांना वाटतं आमचं पाठांतर कच्चं आहे.

कॅसेट आहे. वाजवायचं यंत्र नाही. दुरुस्तीवाल्याकडे गेलो, त्याने कॅसेट हातात घेतली, वास घेतला आणि परत दिली.

पुढे संदीप पाठकांनी तो प्रयोग करायला घेतला तेव्हा आम्ही दोघं तिकिटं काढून गेलो. पोटभर हसलो. मग ती जागा जवळ आली. बहिणीने माझ्याकडे बघितलं. त्यांनी वाक्य सरळ, पूर्ण म्हटलं, मधले शब्द पहिल्यांदाच आमच्या कानावर पडले. सभागृह हसलं. आम्ही दोघंच गप्प. बहीण माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "चुकले."