सोड्याच्या सिलिंडरची भरणी उन्हाळ्यातच महाग का पडते?

बसथांब्यावरचा सोडा
नमस्कार. समुद्रपूर तालुक्यातील आमच्या गावी बसथांब्यासमोर माझे लिंबू-सोडा आणि जिरा-सोड्याचे लहानसे दुकान आहे. मशीनसाठी माझ्याकडे १० लिटर पाणी-क्षमतेचा स्वतःचा एकच सिलिंडर आहे आणि त्यात कार्बन डायऑक्साइड भरून देणारे जवळपास कोणी नसल्यामुळे दर वेळी नागपूर गाठावे लागते. भरणीचे ४५० रुपये आणि ओळखीच्या मालवाहू गाडीचे ७०० रुपये, असे ११५० रुपये एका फेरीला जातात. हिवाळ्यात एका भरणीत २०० मिलिलिटरच्या सुमारे २००० बाटल्या निघत होत्या. मे महिन्यात मात्र १४०० बाटल्यांतच मशीन फुसफुसू लागले. म्हणजे बाटलीमागे ५८ पैसे पडत होते, ते आता ८२ पैसे पडतात. भरणीचा दर तर वाढलेला नाही, मग गॅस जातो कुठे?

निवृत्त मास्तर, यवतमाळ
दादा, आधी कागदावरचा हिशेब पाहू. चांगल्या झणझणीत सोड्यात लिटरमागे साधारण ८ ग्रॅम गॅस विरघळलेला असतो, म्हणजे तुमच्या बाटलीत १.६ ग्रॅम. तुमच्या सिलिंडरमध्ये सुमारे साडेसहा किलो गॅस मावतो, त्यामुळे बाटल्या ४००० निघायला हव्यात. बाटली भरताना बराच गॅस हवेत जातोच, म्हणून तुमचा हिवाळ्यातला २००० चा आकडा मला वावगा वाटत नाही. १४०० चा मात्र खटकतो.

उन्हाळ्यात दोन गोष्टी एकदम बिघडतात. पहिली पाण्याची. त्याच दाबाखाली १० अंशांच्या पाण्यात जितका गॅस विरघळतो, त्याच्या जेमतेम निम्मा ३० अंशांच्या पाण्यात विरघळतो. आपल्याकडे मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचे पाणी हाताला चटका देते. ते थेट मशीनला दिले तर आपण दाब वाढवत बसतो आणि झाकण उघडताच गॅस फेसाबरोबर निघून जातो. दुसरी गोष्ट भरणीची. ३१ अंशांच्या वर हा वायू कितीही दाबला तरी द्रवरूप राहत नाही. भरणाऱ्याकडे पंप नसेल आणि तो मोठ्या सिलिंडरमधून लहान सिलिंडरमध्ये नुसता सोडत असेल, तर ४५ अंशांच्या दुपारी तुमच्या वाट्याला कमीच गॅस येणार. त्याने लबाडी केली असेलच असे नाही.

दाबाच्या काट्यावर विसंबू नका. आत थोडा जरी द्रव शिल्लक असला तरी काटा भरल्या सिलिंडरइतकाच दाब दाखवतो. खरे ते वजनच सांगते. सिलिंडरच्या खांद्यावर रिकामे वजन ठोकलेले असते; भरणीनंतरच्या वजनातून ते वजा करा.

फॅब्रिकेशनवाला, वणी
मास्तरांचे म्हणणे बरोबर आहे. त्यात एक भर घालतो: रेग्युलेटर आणि व्हॉल्व्ह यांच्यामधला वॉशर तपासा. तो दबून चपटा झाला असेल, तर रात्रभर आवाज न करता गॅस गळत राहतो. साबणाचा फेस लावून पाहा आणि दुकान बंद करताना व्हॉल्व्ह पान्याने नीट आवळत जा.

आमच्याकडे वेल्डिंगसाठी हाच वायू येतो आणि त्यामुळे एखादा सोडावाला अधूनमधून विचारायला येतो. मी नाही म्हणतो. पिण्याच्या पदार्थासाठी खाद्य दर्जाचाच गॅस घ्यावा, भले किलोमागे चार रुपये जास्त पडोत. मोठ्या सिलिंडरमधून लहान सिलिंडरमध्ये घरी गॅस सोडण्याचा उद्योगही करू नये. परवाना नसलेल्या जागी भरणी करणे बेकायदा आहे आणि ज्या पेसोच्या (केंद्र सरकारच्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेच्या) नियमांखाली हे सारे येते, त्या पेसोचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे.

नवा हौशी
थोडा वेगळा प्रश्न आहे. याच सिलिंडरवर घरी बिअर करता येईल का? परदेशातले लोक असेच सिलिंडर वापरतात, असे व्हिडिओत पाहिले.

निवृत्त मास्तर, यवतमाळ
भाऊ, सिलिंडर चालेल, कायदा चालू देणार नाही. महाराष्ट्रात परवान्याशिवाय बिअर गाळणे हा १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे आणि मूळ प्रश्नकर्ते तर वर्धा जिल्ह्यातले, जिथे दारूच बंद आहे. आल्याचा सोडा करून पाहा. त्याला कोणी अडवणार नाही.

बसथांब्यावरचा सोडा
सर्वांचे आभार. काल भरणी करून आणली आणि गाडीतून उतरवताच सिलिंडर शेजारच्या धान्य व्यापाऱ्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवला. खांद्यावरचे रिकामे वजन १३.८ किलो, काट्यावर १८.९ किलो. म्हणजे साडेसहाच्या जागी ५.१ किलोच गॅस मिळाला आणि पैसे मात्र पूर्ण भरणीचे गेले. रात्री सारे बंद करून आज सकाळी पुन्हा वजन केले, तर आणखी २०० ग्रॅम कमी भरले. फेस लावल्यावर रेग्युलेटरच्या नटापाशी मोहरीएवढे बुडबुडे येताना दिसले. वॉशरला चक्क चीर होती. नवा वॉशर १५ रुपयांना मिळाला.

पाण्यासाठी आता दोन माठ ठेवले आहेत. माठातले पाणी बर्फाच्या पेटीत घालून मगच मशीनला देतो, त्यामुळे बर्फही पूर्वीपेक्षा कमी लागतो. पुढची भरणी मात्र काटा समोर ठेवून, किलोवर पैसे घेणाऱ्याकडेच करीन, तीही सकाळी लवकर. यापेक्षा ३० किलो गॅसचा मोठा सिलिंडर घेणे परवडेल का?

फॅब्रिकेशनवाला, वणी
गाडीभाड्याच्या हिशेबाने नक्की परवडेल, कारण ७०० रुपये ५ किलोंवर पडतात त्याऐवजी ३० किलोंवर पडतील. पण एवढा सिलिंडर भरल्यावर एकट्याला उचलत नाही. तो उभाच ठेवावा लागतो, साखळीने भिंतीला बांधावा लागतो आणि त्यावर ऊन येता कामा नये, कारण तापला की आतला दाब १०० बारच्या वर जातो. हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे बंद खोलीत तळाशी साचतो, तेव्हा टिनाच्या बंद खोक्यात ठेवू नका. जुना घेणार असाल तर खांद्यावर ठोकलेली चाचणीची तारीख आधी वाचा. दर ५ वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाखाली सिलिंडरची चाचणी, करावी लागते आणि ती उलटून गेली असेल तर नियमाने चालणारा कोणीही भरून देत नाही.