न्यूटोकवाल्यांना अँकरेजला फ्लॅट का दिले नाहीत म्हणे!

बर्फाळबापू: परवा तर्कटरावांनी लिहिलं की अलास्कातल्या न्यूटोकच्या साडेतीनशे माणसांसाठी नवं गाव वसवण्यापेक्षा अँकरेज शहरात फ्लॅट दिले असते तर स्वस्तात भागलं असतं. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

अहो, ही युपिक (तिथले मूळ रहिवासी) माणसं त्या दलदलीत हौसेने नाही बसली. ऋतूप्रमाणे मुक्काम हलवायची. सरकारी शाळेचं सामान आणणारा बार्ज (सपाट मालवाहू नाव) जिथवर पोचला, तिथे शाळा झाली आणि पोरांपायी गाव तिथेच अडकलं. खालची गोठलेली जमीन वितळायला लागली, निंग्लिक नदी वर्षाला सत्तर-सत्तर फूट काठ खायला लागली. नव्या गावासाठी नऊ मैलांवरच्या मेर्टार्विकची जमीन 2003 मध्ये कायद्याने मिळाली. पहिली कुटुंबं पोचली 2019 मध्ये!

अलास्कातल्याच बेथेलच्या खालच्या अंगाला एका गावात मी दोन हिवाळे शिकवलंय. नळ फक्त शाळेत. घरी संडासाची बादली, तिला म्हणतात 'हनी बकेट'. भरली की उचलायची, बर्फावरून न सांडता न्यायची. एकदा हँडल निसटलं माझ्या हातून. पुढचं सांगत नाही.

तर्कटराव: बादलीची कथा छान. पण मेर्टार्विकच्या नव्या घरांना पाच-सहा वर्षांतच बुरशी लागली, गळती सुरू झाली, ते सोयीस्कर विसरलात. हे तुमचं यशस्वी पुनर्वसन?

तुळसवृंदावन: मला एक कळत नाही, बर्फ वितळतोयच तर ही माणसं सीलची शिकार सोडून भाजीपाला का नाही लावत? बिचारे सील तरी वाचतील.

नुनावुतची_नर्स: ताई, आधी उत्तर कॅनडातल्या माझ्या गावच्या दुकानात येऊन कोबीच्या गड्ड्याची किंमत बघा, मग उपदेश करा. ताजी भाजी विमानाने येते. युरोपने 2009 मध्ये सीलच्या वस्तूंवर बंदी घातली. इनुइटांना, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांना, सूट होती, कागदावर. कातड्याचा बाजार बसला तो बसलाच, शिकारीला न्यायच्या स्नोमोबिलच्या (बर्फावरच्या गाडीच्या) पेट्रोलचे पैसे गेले. कॅनडाच्या ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेनेसुद्धा आपल्या सीलशिकारविरोधी मोहिमेबद्दल 2014 मध्ये माफी मागितली. तुम्ही कधी मागताय?

तुळसवृंदावन: जीवहत्येचं समर्थन करणाऱ्यांची माफी? भाषा सांभाळा.

वेसावकर: आलं का परत ताटात डोकावणं! उद्या आम्हालाही सांगा, समुद्र तापलाय, म्हावरं सोडा, वांगी लावा.

तुळसवृंदावन: मी कोळ्यांबद्दल एक अक्षर बोलले नाही!

वेसावकर: दरवेळी असंच असतं. आमच्या सोसायटीत सुकट भाजली तर नोटीस लागते. तेव्हाही कोणी कोळ्यांबद्दल बोलत नसतं.

नुनावुतची_नर्स: तर्कटराव, हलवायचंच म्हणता तर 1953 आठवा. कॅनडा सरकारने क्वेबेकमधल्या इनुक्जुआक गावची इनुइट कुटुंबं पार उत्तरेला रेझोल्यूट आणि ग्रीस फियॉर्डला नेऊन टाकली. दोन वर्षांत परत यायचं असेल तर आणू म्हणाले, आणलं नाही. माफी 2010 मध्ये.

तर्कटराव: बरं बाबा, शाळेचं आणि 1953चं मला माहीत नव्हतं. घ्या, जिंकलात. बुरशीचं उत्तर अजून आलेलं नाही.

बर्फाळबापू: मेर्टार्विक ही जागा गावाने निवडली. खाली ज्वालामुखीचा खडक आहे, काठ तुटत नाही. घरांचे नकाशे बाहेरून आले. बुरशी घरांना लागली, जागेला नाही.

तर्कटराव: हम्म. हे आधी लिहायचं ना, बादलीऐवजी.

तुळसवृंदावन: सीलचं काय ठरलं मग?

वेसावकर: ताई, जेवून घ्या.