पाणबुडी वाळूत उभी करून काय साधतं?

इतवारीकर: आपण नागपूरकर देशाच्या मधोमध बसलेले, समुद्र म्हणजे रात्रभराची गाडी. दिवाळीच्या सुट्टीत विशाखापट्टणमला गेलो ते पोरांना लाटा दाखवायला. पण रामकृष्ण बीचवरची कुरसुरा पाणबुडी पाहिली आणि माझं मत पक्कं झालं: निवृत्त युद्धनौका अशीच लोकांत आणून ठेवावी. १९६९ ला नौदलात आली, २००१ ला निवृत्त, २००२ पासून संग्रहालय. लांबी ९१ मीटर, पण आत शिरलं की स्लीपरच्या डब्यातली बोळ ऐसपैस वाटते. त्यात सत्तरेक माणसं राहायची. धाकट्यानं विचारलं, "बाबा, यांना खिडकी नव्हती?" घरी बसून हा प्रश्न पडला नसता.

वर्धारोडवाला: राग मानू नका भाऊ, मला तर ते भंगाराचं प्रदर्शन वाटलं. मागून रेटा, पुढं फोटो. आमच्यापुढचे एक काका पोरांना ठासून सांगून राहिले होते, "हिनंच गाझी बुडवली!" साफ चूक. डिसेंबर १९७१ च्या युद्धात पाकिस्तानची गाझी पाणबुडी विशाखापट्टणमजवळ बुडाली, तेव्हा कुरसुरा अरबी समुद्रात होती. श्रेय आपण राजपूत या विनाशिकेला देतो, पाकिस्तान ते मानत नाही. एवढं लोखंड समोर ठेवूनही माणूस चुकीचंच घेऊन घरी जातो, मग कायले ठेवायचं? त्यापरीस दीवचं, त्याच युद्धात बुडालेल्या आपल्या खुकरी युद्धनौकेचं स्मारक पाहा. काचेत छोटी प्रतिकृती, समोर समुद्र. ९ डिसेंबर १९७१ ला १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून उतरले नाहीत. आम्ही होतो तेवढा वेळ तिथं कोणी मोठ्यानं बोललं नाही.

इतवारीकर: काका चुकले त्यात पाणबुडीचा काय दोष? आणि तुमचं दीव जुनं झालं. त्याच नावाची दुसरी खुकरी २०२१ च्या अखेरीस निवृत्त झाली, ती दीवलाच दिली. म्हणजे काचेतली प्रतिकृती त्यांनाही पुरली नाही!

बर्डीचा_भाचा: राजेहो, जुन्या विक्रांत या विमानवाहू नौकेचं काय झालं ते विसरले का? १९९७ ला निवृत्त, काही वर्षं मुंबईत संग्रहालय, २०१४ ला भंगारात. त्या पोलादातून मोटरसायकली निघाल्या. आमच्या भाऊजींकडं एक आहे. १९७१ च्या युद्धातली विमानवाहू नौका आता कॉटन मार्केटातून मेथीच्या जुड्या आणते.

वर्धारोडवाला: विक्रांतचं मलाही लागलं, ते मान्य. पण खाऱ्या वाऱ्यात लोखंड सांभाळायचा खर्च कोण करणार? तिकिटावर भागतं का ते? आणि दुरून कशाला, आपल्या सीताबर्डीच्या किल्ल्याचं दार सामान्य माणसाला वर्षातले मोजके दिवस उघडतं. २६ जानेवारीला तिथं कितीदा चढले तुम्ही?

इतवारीकर: एकदा. शाळेनं नेलं होतं.

धरमपेठी: भांडण चालू द्या, माझं एक सांगा. आईचे गुडघे दुखतात. कुरसुरात जमेल का तिला?

वर्धारोडवाला: कठीण आहे. जिना चढावा लागतो, आत अरुंद, बसायला सोय नाही. त्यांना बाहेर वाळूवर बसवा, पाणबुडी तिथूनही अख्खी दिसते. रस्त्यापलीकडे नौदलाचं टीयू-१४२ विमान आहे, तेही पाहून होईल. पोरांना मात्र पाण्यात सोडू नका. त्या किनाऱ्याला ओढ फार.

इतवारीकर: बघा, भंगार म्हणता म्हणता रस्ता तुम्हीच सांगून राहिले.