मोटारीची केबल चोरीला गेली, ठाण्यात नुसता अर्ज घेतला

प्रश्न (जत तालुका): विहिरीवरच्या मोटारीची केबल रात्रीत कापून नेली. डाळिंबाचं पाणी बंद आहे. दिवस मोडून ठाण्यात गेलो, तर साध्या अर्जावर पोच देऊन परत पाठवलं. शेजाऱ्याचीही मागं गेली होती, तो तर गेलाच नाही. गुन्हा दाखल व्हायला काय करावं?

उत्तर (पोलीस पाटील, खटाव तालुका): दादा, आधी केबलचं बिल शोधा. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे आले, त्यात ५,००० रुपयांच्या आतली चोरी अदखलपात्र आहे. मग कोर्टाच्या आदेशाशिवाय तपासच होत नाही. अर्जात नुसतं 'केबल गेली' लिहिलं की किंमत दुसरंच कोणीतरी अंदाजानं टाकतं. किती मीटर, तांब्याची की अॅल्युमिनियमची, सगळं लिहा. स्टार्टर गेला असेल तर तोही धरा.

गावच्या पोलीस पाटलांना विहिरीवर न्या. गुन्ह्याची खबर ठाण्याला देणं हे १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्यानं आमचं कामच आहे, उपकार नव्हे. ओढ्याकडंही बघून या. चोर तिथंच केबल जाळून तांबं काढतात. जळकं दिसलं तर हात लावू नका, फोटो काढा आणि बीट अंमलदाराला (तुमच्या गावाचा भाग ज्याच्याकडं आहे त्या पोलिसाला) पंचनाम्यात घ्यायला सांगा.

तरीही नोंद घेतली नाही, तर हीच हकीकत लेखी करून पोस्टानं सांगलीला पोलीस अधीक्षकांकडं पाठवा. त्या नव्या कायद्यांपैकी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३(४) त्यासाठीच आहे.

उत्तर (निवृत्त हवालदार, तासगाव): खटावच्या पोलीस पाटील ताईंचं बरोबर आहे. तक्रार ऑनलाइनही देता येते, पण तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या. रात्री रानात बॅटऱ्या हलताना दिसल्या तर सरळ ११२ लावा.

प्रश्नकर्ता: बिल सापडलं, साडेआठ हजारांचं. शेजारी म्हणतो, चोर थोडाच सापडणार आहे?

पोलीस पाटील, खटाव: त्यांना माझा निरोप सांगा. नोंद नाही म्हणजे ठाण्याच्या लेखी तुमच्या शिवारात चोरी झालीच नाही. रात्रगस्तीला गाडी एक आणि गावं ढीगभर, ती कुठं वळवायची हे साहेब नोंदी बघूनच ठरवतात. आमच्याकडं चार जणांनी फिर्यादी दिल्या, तेव्हा कुठं गाडी पाझर तलावापर्यंत यायला लागली. दोघं एकत्र जा, पण फिर्याद ज्याची त्यानं वेगळी द्या.