टाकाऊपासून टिकाऊ : वर्षानंतरही वापरात राहिलेल्या वस्तूंचे अनुभव

टाकाऊ वस्तूंपासून काहीतरी करून पाहण्याची हौस अनेकांना असते. परंतु केलेली वस्तू वर्षभरानंतर घरात नेमकी कुठे असते, हे सहसा कोणी विचारत नाही. काचेच्या बाटलीला रंग दिला, सुतळी गुंडाळली, चार दिवस कौतुक झाले आणि मग ती माळ्यावर गेली, तर त्यात काटकसर कसली? उलट रंग आणि गोंद चिकटल्यामुळे ती बाटली भंगारात देणेही अवघड होऊन बसते. म्हणून चर्चेच्या या धाग्यासाठी एकच अट ठेवली आहे. जी वस्तू किंवा युक्ती आजही आपल्या रोजच्या वापरात आहे, तिच्याविषयीच लिहावे. ती का टिकली, साहित्य कोठे दगा देते आणि काय जपावे लागते, हे तपशिलाने सांगावे.

सुरुवात मीच करते. माझ्या मते सर्वांत मोठी बचत नवे काही बनवण्यात नसून, चेन बिघडली म्हणून चांगली बॅग किंवा जाकीट टाकून न देण्यात आहे. चेन लावली तरी मागून उघडत जात असेल आणि दाते शाबूत असतील, तर दोष बहुधा रनरमध्ये असतो. सततच्या ओढाताणीने त्याच्या दोन पत्र्यांमधली फट रुंदावते आणि दाते एकमेकांत घट्ट दाबले जात नाहीत. अशा वेळी रनर चेनच्या सुरुवातीच्या टोकापर्यंत आणावा आणि ज्या बाजूने जुळलेली चेन बाहेर पडते, त्या बाजूच्या दोन्ही कडा लहान पक्कडीने हलकेच दाबाव्यात. एकदा डावी, एकदा उजवी, मग चेन ओढून पाहायची, पुन्हा किंचित दाबायचे, असा क्रम ठेवावा. कारण रनर ओतीव धातूचा असेल तर एकाच जोरात तडकतो. रनर नुसताच अडकत असेल, तर धातूच्या दातांवर पेन्सिलीचे शिसे आणि प्लॅस्टिकच्या दातांवर मेणबत्तीचा तुकडा घासला की पुरते.

* * *

माझा व्यवसाय शिवणकामाचा असल्यामुळे मी कापडापुरतेच लिहिते. जीन्सच्या पायांच्या पिशव्या सगळेच शिवतात, पण बहुतेक घरगुती यंत्रे जाड शिवणींच्या ओलांडणीवर अडखळतात, सुई मोडते आणि काम अर्धवट राहते. यावर तीन उपाय आहेत. सुई १६ किंवा १८ क्रमांकाची घ्यावी. जेथे शिवणींचे चार-सहा थर एकावर एक येतात, तो भाग पाट्यावर ठेवून हातोडीने ठोकून चपटा करावा. आणि प्रेशर फूट, म्हणजे सुईखाली कापड दाबून धरणारा यंत्राचा पाय, त्या उंचवट्यावर चढताना पुढून वर उचलला जातो, तेव्हा त्याच्या मागच्या बाजूखाली दुमडलेल्या पुठ्ठ्याचा तुकडा सरकवावा. फूट सपाट राहतो आणि टाके चुकत नाहीत. पिशवीचे बंद कमरेच्या पट्ट्याचे केले, तर वेगळे अस्तर लावावे लागत नाही, कारण त्या पट्ट्याच्या आत मुळातच दुहेरी कापड असते.

जुन्या टी-शर्टची गोष्ट वेगळी. ते कापड विणीचे असल्याने कापलेल्या कडेचे धागे सुटत नाहीत, आणि हाच त्याचा सर्वांत मोठा गुण आहे. काखेखालून आडवा छेद देऊन आणि खालची दुमडपट्टी काढून जो नळीसारखा भाग उरतो, त्यात एका बाजूची तीन-चार सेंटिमीटर पट्टी अखंड ठेवून अडीच-तीन सेंटिमीटर रुंदीचे आडवे काप द्यावेत. नंतर त्या अखंड पट्टीत एका कापातून पुढच्या कापात जाणारे तिरके छेद दिले, की सगळा टी-शर्ट एकाच लांबलचक पट्टीत उलगडतो. पट्टी जरा ताणली की कडा आत वळतात आणि आपोआप दोरी तयार होते. तीन पट्ट्यांची वेणी घालून ती गोल गुंडाळत शिवली, की भरीव पायपुसणे होते. शिवताना काम टेबलावर सपाट ठेवावे. हातात धरून शिवले आणि दोरा घट्ट ओढला, तर पायपुसणे मध्ये खोलगट होते आणि कितीही इस्त्री केली तरी जमिनीला टेकत नाही.

मोडक्या छत्रीचे कापड मात्र फार थोडे लोक ठेवतात, याचे मला नवल वाटते. छत्रीच्या काड्यांना बांधलेले टाके उसवले, की पाणी सहज न झिरपणारे, हलके आणि पटकन वाळणारे कापड मोकळे होते. त्याची घडीची पिशवी मुठीत मावते. या कापडावर सुईचे भोक कायमचे राहते, म्हणून टाचण्यांऐवजी कपडे वाळत घालण्याचे चिमटे लावून शिवावे आणि बारीक सुई वापरावी.

* * *

वरच्या अनुभवात विणीच्या कापडाचा उल्लेख आला आहे, म्हणून पुसण्याच्या फडक्यांविषयी थोडे लिहितो. सुती कापड पाणी शोषते, पॉलिस्टर ते नुसते पसरवते. त्यामुळे जुन्या कपड्यांचा ढीग फाडण्याआधी प्रत्येकाचा एक धागा चिमट्यात धरून जाळून पाहावा. सुती धागा कागद जळल्यासारखा वास देतो आणि त्याची मऊ राख होते, तर पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी बनतो. ज्याचा मणी होतो, ते कापड फडक्यासाठी ठेवूच नये.

* * *

मला सुतारकामाची आवड आहे आणि माझ्या कामाच्या जागेत विकत आणलेली वस्तू शोधावी लागेल. सायकलची जुनी ट्यूब आडवी कापली, की हवे तेवढ्या रुंदीचे रबरबँड मिळतात. ते साध्या रबरासारखे थोड्याच दिवसांत चिकट होऊन तुटत नाहीत, आणि गोंद लावलेले दोन लाकडी तुकडे वाळेपर्यंत आवळून धरण्यासाठी तर त्यांना तोड नाही. ट्यूबच्या आत पावडर असते, तेव्हा कापल्यावर धुऊन घ्यावी. खुर्चीच्या पायांना तिचे तुकडे लावण्याची युक्ती अनेकजण सांगतात, परंतु फिकट रंगाच्या फरशीवर काळ्या रबराचे डाग पडतात व ते निघत नाहीत.

पत्र्याच्या रिकाम्या डब्याला खिळ्याने भोक पाडायला गेले की डबा चेपतो. डब्यात पाणी भरून ते फ्रीजरमध्ये गोठवावे आणि मग खिळा ठोकावा. आतला बर्फ पत्र्याला आधार देतो आणि भोक नेमके हवे तेथे पडते. नंतर आतली धारदार कड कानशीने किंवा पॉलिश पेपरने घासून घ्यावी. मेणबत्तीसाठी जाळीदार डबे करायचे असोत की हत्यारे टांगण्याचे, ही एक युक्ती माहीत असली की पुरे.

मालवाहतुकीच्या लाकडी पॅलेटच्या (माल रचण्याच्या चौकटीच्या) फळ्यांविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण फुकट मिळते म्हणून ते लाकूड डोळे झाकून घरात आणले जाते. आंतरराष्ट्रीय वाहतुकीच्या पॅलेटवर एक शिक्का उमटवलेला असतो आणि त्यात प्रक्रियेची रोमन अक्षरे असतात. 'एचटी' असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत किमान ५६ अंश सेल्सिअस तापमानाला सलग ३० मिनिटे तापवलेले असते, आणि ते घेण्यास हरकत नाही. 'एमबी' असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते; ते लाकूड मी घरातल्या कोणत्याही वस्तूसाठी वापरत नाही. ज्या फळीवर कसले तरी तेलकट डाग आहेत किंवा उग्र वास आहे, तीही नको. पॅलेटवर काय सांडले होते, हे आपल्याला कोण सांगणार?

अशा लाकडाला शेवटी जवसाचे तेल चोळतात, आणि येथे खरा धोका आहे. हे तेल वाळताना हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावते व त्यातून उष्णता निर्माण होते. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला, तर ती उष्णता आत कोंडते आणि ठिणगी नसतानाही चिंध्या पेटू शकतात. म्हणून प्रत्येक चिंधी उघड्यावर सुटी पसरून पूर्ण कडक होईपर्यंत वाळवावी, किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावावे.

* * *

प्लॅस्टिकच्या बाटलीची पाणी शोषणारी कुंडी मी अनेकांच्या घरी पाहिली आहे आणि ती बंद पडलेलीही पाहिली आहे. कृती सोपी आहे: बाटली मध्यावर कापावी, झाकणाला भोक पाडून त्यातून वात ओवावी, वरचा भाग उलटा करून त्यात माती व रोप लावावे आणि खालच्या भागात पाणी भरावे. ती बंद पडते ती वातीमुळे. सुती वात मातीत कुजते; त्याऐवजी जुन्या कृत्रिम धाग्याच्या मोज्याची पट्टी किंवा बुटाची नाडी टिकते. दुसरी अडचण शेवाळाची. पारदर्शक बाटलीतल्या पाण्यावर उजेड पडला की ते हिरवे होते, म्हणून खालचा भाग कागद गुंडाळून झाकावा. तिसरी गोष्ट आरोग्याची आहे आणि ती टाळता येणारी नाही. साचलेल्या पाण्यात डास अंडी घालतात आणि उबदार हवेत आठवडा ते दहा दिवसांत त्यांपासून पूर्ण वाढलेला डास तयार होऊ शकतो. तेव्हा आठवड्यातून एकदा पाणी ओतून देऊन खालचा भाग आतून घासलाच पाहिजे.

* * *

स्वच्छतेच्या युक्त्यांमध्ये एक गैरसमज इतका पसरला आहे की त्याबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र केला की फेस उसळतो, आणि त्या फेसाने सगळे साफ होते असे मानले जाते. प्रत्यक्षात आम्ल आणि अल्कली एकमेकांना निष्प्रभ करतात. फेस कार्बन डायऑक्साइडचा असतो आणि मागे उरते ते बव्हंशी सोडियम अॅसिटेटचे पाणी. दोन्ही वेगवेगळे वापरावेत: नळावरच्या व किटलीतल्या पांढऱ्या क्षारांसाठी व्हिनेगर, आणि तेलकट चिकटपणा घासून काढण्यासाठी सोडा. संगमरवरावर व्हिनेगर लावू नये, त्याची चकाकी जाते. आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा कोणतेही आम्ल कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी क्लोरिन वायू बाहेर पडतो.

काचेच्या बरण्यांची लेबले कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून भिजवली की कागद निघतो, पण गोंदाचा चिकट थर उरतो. त्याला पाणी काही करत नाही. थोडे खाद्यतेल आणि खाण्याचा सोडा कालवून चोळले की तो सुटतो. साबणाच्या चिपा वितळवत बसण्यापेक्षा ओली चीप नव्या ओल्या वडीवर दाबून रात्रभर ठेवावी. ती कायमची चिकटते.

* * *

मी मुलांसोबत कागदाच्या लगद्याच्या वस्तू करते. चकचकीत मासिकांच्या कागदावर खनिज पुटे असतात आणि त्याचा लगदा नीट होत नाही; वर्तमानपत्राचा कागदच बरा. तो फाडून रात्रभर भिजवावा, वाटून घट्ट पिळावा आणि त्यात मैद्याची खळ मिसळावी. एकदम जाड थर दिला तर तो बाहेरून वाळतो आणि आत बुरशी धरते, म्हणून पातळ थर द्यावा, वाळू द्यावा, मग पुढचा. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालण्याची पद्धत आहे, परंतु ते विषारी असल्याने मुलांच्या हाती द्यायच्या लगद्यात मी ते घालत नाही. खळीऐवजी पांढरा गोंद वापरते.

* * *

माझा अनुभव साठवणीपुरता आहे. आमच्याकडे "उपयोगी पडेल" म्हणून ठेवलेल्या वस्तूंसाठी एकच खोके आहे आणि ते भरले, की नवे काही ठेवण्याआधी जुने काहीतरी भंगारात जाते. कपडा फडक्यात काढण्यापूर्वी त्याची बटणे कापून, एका कपड्याची सर्व बटणे एकाच दोऱ्यात ओवून गाठ मारून ठेवतो. सुटी टाकलेली बटणे डब्यात कितीही असली, तरी सारखी पाच ऐन वेळी कधी सापडत नाहीत. बॅटऱ्या, ट्यूबलाइट आणि रंगांचे अर्धे डबे या खोक्यात येत नाहीत. ते घातक कचऱ्यात वेगळे द्यावे लागतात. बाटलीत कोणतेही रसायन ओतून ठेवले असेल, तर तिच्यावर त्याच क्षणी नाव लिहिलेली चिठ्ठी चिकटवली जाते, आणि पिण्याच्या पाण्याची बाटली त्यासाठी आमच्या घरी कोणी घेत नाही.