अनुभव धागा : कळले तेव्हा वेळ उरली होती का?

‘बैल गेला आणि झोपा केला’ ही म्हण गावात रोज कोणाला ना कोणाला ऐकवली जाते. आयुष्याने शिकवलेले खरोखरच कामाची वेळ टळल्यावर हाती येते का, याविषयी विदर्भातील खेड्यांत राहणाऱ्यांनी स्वतःच्या जगण्यातील एकच गोष्ट घेऊन तपशिलासह लिहावे, अशी विनंती आहे.

संत्रा बागायतदार, वरूड तालुका

संत्र्याची बाग भरात यायला पाच-सहा वर्षे लागतात आणि लावताना काय चुकले ते त्यानंतरच दिसते, त्यामुळे उशिरा येणारा अनुभव म्हणजे काय, हे आमच्या भागात वेगळे समजावून सांगावे लागत नाही. वडिलांनी बाग लावली तेव्हा जंबेरी खुंटावर, म्हणजे जंबेरी लिंबाच्या मूळ रोपावर, बांधलेली कलमे मिळत होती, तीच त्यांनी आणली. झाडे मोठी झाली आणि बुंध्यावर डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळवणारा बुरशीचा रोग, दिसू लागला. जंबेरी या रोगाला लवकर बळी पडते, रंगपूर लिंबाचा खुंट त्या मानाने तग धरतो. त्यातच आमच्या काळ्या भारी जमिनीत पावसाळाभर पाणी साचते आणि बुरशीला तेच हवे असते. हे सगळे उमगले तेव्हा खुंट बदलणे कोणाच्याही हाती नव्हते. खोडाभोवती दुहेरी आळी करून पाणी खोडापासून दूर ठेवले, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर मोरचूद-चुन्याचा बोर्डो मलम लावला, आणि जी झाडे वाचायची ती वाचली.

आता वडील थकले आहेत, तरी कोणी नवी बाग लावतो म्हटले की त्याच्यासोबत रोपवाटिकेत जातात. कलम मातीपासून किती उंच बांधले आहे ते वितीने मोजतात, वीतभर नसेल तर रोप बाजूला ठेवायला लावतात, आणि लावणीच्या दिवशी खड्ड्याशी उभे राहून कलमाचा जोड मातीत जाऊ देत नाहीत. आमच्या बागेला जे उशिरा मिळाले, ते चुलत भावाच्या बागेला पहिल्या दिवशी मिळाले.

कापूस उत्पादक, यवतमाळ जिल्हा

वरचे लिखाण पटते, पण कापसात मला उलटे दिसले. वेचे झाल्यावरही पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडे, उपटू नये, ओलीत द्यावे, फरदडीचा म्हणजे त्याच झाडांवर पुन्हा येणारा कापूस उन्हाळ्याच्या खर्चाला कामी येतो, हा आजोबांचा उभ्या जन्माचा अनुभव होता आणि त्यांच्या काळात तो खराही होता. २००२ मध्ये बोंडअळीला मारणारे जनुक घातलेला बीटी कापूस आला, २००६ मध्ये दोन जनुकांच्या वाणाला मान्यता मिळाली, आणि पुढे गुलाबी बोंडअळी त्या दोन्ही जनुकांना पुरून उरली. २०१७ च्या हंगामात बोंड फोडावे तर आत अळी आणि पिवळी पडलेली रुई. डिसेंबरनंतर शेतात उभी असलेली पऱ्हाटीच या अळीला पोसते. म्हणजे ज्या अनुभवाने घर तारले, तोच पुढे शिवाराला भोवला. अनुभव शिळा झाला आहे हे वेळेवर न कळणे मला अधिक धोक्याचे वाटते, कारण वडीलधाऱ्यांपुढे तसे बोलायला जीभ रेटत नाही. मी फक्त फोडलेले बोंड आजोबांच्या तळहातावर ठेवले. त्यांनी अळी नखाने उलटवून पाहिली आणि म्हणाले, “उपटून टाका बाप्पा समदी.”

आशा सेविका, गडचिरोली जिल्हा

माझ्या सासूबाई गावच्या सुईण होत्या. बाळ दूध ओढेनासे होते, अंग गार पडते, छाती आत ओढली जाते, या खुणा त्यांनी दगावलेल्या लेकरांवरून ओळखल्या होत्या, पण त्या दिसल्यावर करायचे काय, हे सांगणारे कोणी नव्हते. याच जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्या बायांनाच नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले, त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले, आणि २०११ पासून हे काम देशभर आशांकडे आले. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी मी तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा भेटी देते. बाळ शांत असताना मिनिटभर श्वास मोजते. ते ६० किंवा त्याहून जास्त भरले तर पुन्हा मोजते, आणि आकडा तोच आला तर गाडी बोलावते. सासूबाई सोबत असल्या तर माझे मोजणे संपायच्या आत म्हणतात, “याला धाप लागली, माय.” बहुतेक वेळा त्यांचे बरोबर निघते. त्यांची नजर तेव्हाही हीच होती.

शेतकरी महिला, वर्धा जिल्हा

मालक गेल्यावर वारस नोंदीचा अर्ज तीन महिन्यांत द्यायचा असतो आणि हिंदू उत्तराधिकार कायद्याने विधवेचा वाटा मुलांच्या बरोबरीचा असतो, हे मला कळेपर्यंत दिरांनी जमीन आपल्या नावे करून घेतली होती. त्या फेरफाराविरुद्धचे अपील अजून चालू आहे. गावात कोणाचा घरधनी गेला की तेरवीनंतर मी तिच्याकडे जाते, मृत्यूचा दाखला काढला का ते विचारते आणि अर्जाची पोच हातात पडेपर्यंत तलाठ्याच्या कार्यालयात तिच्यासोबत बसते. त्या बायांना माझे कळणे उपयोगी पडते, याचे समाधान आहे. मात्र मला उशीर झाला, हे कोणी गोड शब्दांनी झाकू नये. सातबारा नावावर नसल्यामुळे पीककर्ज मिळाले नाही आणि मुलीचे शिक्षण बारावीवर थांबले.